उगे राहा

संयुक्ताला मजुरांच्या ट्रेनिंगला पाठवलं, ते तिला शिकवता येत होतं म्हणून नव्हे. तिच्या नोकरीच्या अर्जात 'मातृभाषा' या रकान्यात 'मराठी' असं लिहिलेलं होतं म्हणून.

रस्त्यांची कामं घेणाऱ्या त्या कंपनीत सेफ्टी ऑफिसर होऊन तिला जेमतेम आठ महिने झाले होते. शहरातल्या नुंगंबाक्कम भागात एका रस्त्याचं डांबरीकरण चालू होतं. आधीची टोळी काम अर्धं टाकून निघून गेली, म्हणून ठेकेदाराने घाईघाईने हिंगोलीकडची बारा माणसं आणली. त्यांना तमिळचा गंध नव्हता आणि हिंदी म्हणावी तर कामापुरतीही धड नव्हती. सेफ्टीच्या मुख्य रंजनी मॅडमनी यादी पाहिली, मान वर केली आणि विचारलं, "संयुक्ता, तू मराठीच ना? मग झालं तर. उद्या सकाळी यांचं ट्रेनिंग उरकून टाक."

ती मराठी होती हे खरंच होतं. पण तिचं घराणं तंजावरचं. पूर्वज कधी आले ते अप्पांनाही नीट सांगता येत नसे. पश्चिम मांबलमच्या तीन खोल्यांत जेवताना, केस विंचरताना, देवापुढे दिवा लावताना जी बोलली जाई तेवढीच तिची मराठी. दाराबाहेर पाऊल टाकलं की तमिळ, ऑफिसात शिरलं की इंग्रजी. मराठी वाचायला ती कधी शिकलीच नाही. आणि त्या तीन खोल्यांत मागे येणाऱ्या टिपरबद्दल किंवा गरम डांबराबद्दल कुणी कधी चकार शब्द काढलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पत्र्याच्या केबिनमध्ये ती उभी राहिली तेव्हा समोर बारा जण मांडी घालून बसले होते. नव्या नारिंगी जाकिटांच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या. मुकादम संताजी दाराशी टेकून उभा होता. पन्नाशीचा, काटक, बोलण्यापेक्षा ऐकणारा.

संयुक्ताने तोंड उघडलं आणि पहिल्याच वाक्याला मागच्या बाया पदरात तोंड घालून हसल्या.

"म्याडम, तुमी पोथीतलं बोलता की हो," एक जण म्हणाला. "कोणतं गाव तुमचं?"

"तंजावूर."

"हे कुठं आलं? लातूरकडं?"

तिला हसू आलं. राग आला नाही. उलट आपण बोलतो ते परक्या माणसांना कळतंय याचंच तिला अप्रूप वाटलं. ती उत्साहाने सांगत गेली. हेल्मेट, बूट, डांबराचा चटका, रस्ता अडवायचे प्लास्टिकचे कोन कुठे मांडायचे. मग भिंतीवरच्या तक्त्यावर बोट ठेवून तिने टिपर दाखवला. डांबर मिसळलेली खडी घेऊन टिपर येतो, तो खडी पसरणाऱ्या यंत्राकडे उलटा मागे येतो, ड्रायव्हरला मागचं काही दिसत नाही. झेंडीवाल्याने काय करायचं हे तक्त्यावर इंग्रजीत दोन ओळींत होतं. आपली जागा सोडू नका, स्थिर उभे राहा. कोणी गाडीमागे आलं तर लाल झेंडी वर करून ओरडा.

'स्थिर' हा शब्द तिला आठवला नाही. तिला आठवली अम्माची वेणी घालायची वेळ. मान हलली की अम्मा टाळूवर फणी टेकवून म्हणायची, उगे राहा गे! तोच शब्द तोंडाशी आला.

"गाडी मागे येताना हॉर्न वाजतो. तो ऐकला की उगे राहा. मी परत सांगते, उगे राहा."

"उगं ऱ्हायचं," दोनतीन जण एका सुरात म्हणाले.

पुढच्या रांगेतली एक मुलगी, तेवीस-चोवीस वर्षांची, कपाळावर ठसठशीत कुंकू, सगळ्यात लक्ष देऊन ऐकत होती. तिने दोन्ही झेंड्या हातात धरून पाहिल्या. लाल डाव्या हातात घ्यायची की उजव्या, हे तिने दोनदा विचारलं. तिचं नाव पंचफुला. संताजीने तिथल्या तिथे तिला झेंडीवर लावून टाकलं. सगळ्यांनी हजेरीच्या कागदावर सह्या केल्या, चौघांनी अंगठे उठवले. फोटो निघाला. संयुक्ता त्या दिवशी घरी गेली ती हवेतच. "अप्पा, मी आज तासभर मराठीत बोलले," असं तिने दारातूनच सांगितलं.

अपघात झाला तो तिसऱ्या आठवड्यातल्या रविवारी, सकाळी सव्वासातला. रस्त्यावर गर्दी नसते म्हणून माल टाकायला रविवार निवडला होता. संयुक्ता साइटवरच होती, पण दुसऱ्या टोकाला. अडथळे बाजूला सारून आत घुसू पाहणाऱ्या एका स्कूटरवाल्याशी तिची हुज्जत चालली होती. चर्चला उशीर होतोय, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. तिच्या पाठीमागे टिपरचा मागे येण्याचा पीं-पीं आवाज चालू होता. तो इतका रोजचा होता की कानात शिरत नव्हता.

मग लोखंडावर कुणीतरी धाडधाड हात आपटले आणि एक पुरुषी किंकाळी आली.

ती धावली. टिपर थांबला होता. मागच्या चाकापाशी हणमंत पडला होता. टोळीतला चाळिशीचा माणूस, खराट्याने रस्ता झाडणारा. खाली वाकून झाडता झाडता तो टिपरच्या मागे आला होता. डावा पाय घोट्याखाली चाकात सापडला होता. पत्र्यावर हात आपटून ड्रायव्हरला थांबवणारा संताजी होता. तो आता हणमंतचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता आणि सारखं एकच म्हणत होता, "काय न्हाई झालं गड्या, काय न्हाई झालं."

आणि दहा पावलांवर पंचफुला उभी होती. जिथे उभं राहायला सांगितलं होतं तिथेच, पांढऱ्या खुणेवर. लाल झेंडी हातात होती, पण खाली. तोंड मिटलेलं. डोळे उघडे. अँब्युलन्स आली, हणमंतला उचललं, माणसं पांगली, तरी ती जागची हलली नाही. शेवटी दुसऱ्या एका बाईने तिच्या हातातली झेंडी काढून घेतली.

हणमंत वाचला. पायाची दोन बोटं काढावी लागली आणि घोट्यात सळई घातली.

सोमवारी रंजनी मॅडमनी संयुक्ताला बोलावलं. स्क्रीनवर अपघाताचा फॉर्म उघडा होता.

"बस. ट्रेनिंग झालं होतं?"

"हो."

"सह्या आहेत, फोटो आहे. छान. झेंडीवालीने इशारा दिला?"

"नाही."

"ड्रायव्हर म्हणतो, त्याला आवाज आला नाही आणि आरशात लाल झेंडी दिसली नाही. म्हणजे ट्रेनिंग मिळूनही मजुराने नियम पाळला नाही." मॅडम टाइप करू लागल्या. त्या वाईट बाई नव्हत्या. पंधरा वर्षं त्यांनी असले फॉर्म भरले होते, इतकंच. "कारण, मजुराचा निष्काळजीपणा. त्या मुलीला परत पाठवतील. तू दोन दिवसांत तुझा जबाब जोडून दे."

संयुक्ता "हो" म्हणाली आणि बाहेर आली. पायऱ्या उतरताना तिच्या मनात काहीतरी खटकत होतं, पण काय ते तिला सापडेना. त्या मुलीने सगळ्यांहून जास्त लक्ष दिलं होतं. निष्काळजी माणूस लाल झेंडी कुठल्या हातात धरू, असं दोनदा विचारत नाही.

संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर ती टोळीच्या पत्र्यांच्या खोल्यांवर गेली. पंचफुला चुलीपुढे बसली होती. भाकरी थापायची थांबवून तिने हात पुसले आणि उभी राहिली.

"बस, बस. मला एवढंच सांग, तू ओरडली का नाहीस?"

पंचफुलाने तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू प्रश्नच उलटा विचारला होता.

"म्याडम, तुमीच सांगितलं की."

"मी? काय सांगितलं?"

"हारन वाजला की उगं ऱ्हायचं. दोनदा सांगितलं तुमी. हारन वाजत होता. म्या उगं ऱ्हायले."

"उगे म्हणजे हलायचं नाही," ती म्हणाली.

"आमच्यात उगं म्हंजी बोलायचं न्हाई. पोरगं रडाया लागलं की म्हनत्यात, उगं ऱ्हा."

"पण मी पुढे ओरडा असंही म्हटलं होतं ना? कोणी मध्ये आलं तर?"

पंचफुला आठवू लागली. "तुमी सत्तम का काय म्हनला होता. सत्तम करा. म्या संताजीमामाला इचारलं, सत्तम कशाला म्हनत्यात. त्येला बी ठावं नव्हतं."

सत्तम. आवाज. आपण तमिळ शब्द वापरला असेल? घरी तोच वापरतात, 'सत्तम नको करू', 'केवढं सत्तम हे'. तो मराठी नाही असं तिला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. पण त्या दिवशी तो तोंडातून गेला की नाही, हे तिला काही केल्या आठवेना. बारा जणांपैकी तिघांना विचारलं. एक म्हणाला, सत्तम म्हणाला होतात. दुसरा म्हणाला, वरडा म्हणाला होतात, साफ आठवतंय. तिसरा म्हणाला, मी जाकिटाच्या चेनीकडे बघत होतो.

ती निघाली तेव्हा संताजी कोपऱ्यापर्यंत सोबत आला. चालता चालता खाली बघत म्हणाला, "म्याडम, तुमी त्या शबुदाचं लई मनाला लावून घेऊ नका. ती तशी बी वरडली नसती."

"का?"

"हणमंता तिचा भाया हाय. नवऱ्याचा थोरला भाऊ. त्याच्या म्होरं ती कधी मोठ्यानं बोलली न्हाई. घरात असला तर डोईवरला पदर हलू देत न्हाई. त्याला हाक कशी मारावी? नावानं तर मारता येत न्हाई."

"मग झेंडीवर तिलाच का उभं केलंत?"

संताजी थांबला. त्याने डोकं खाजवलं. "तवा हे ध्यानात आलं न्हाई," तो म्हणाला. त्याचा चेहरा इतका उतरला की संयुक्तालाच वाईट वाटलं.

घरी अप्पा आणि अम्मा जेवायला थांबले होते. अप्पा म्हणजे रामस्वामी राव, बँकेतून निवृत्त होऊन सहा वर्षं झालेले. ताटावर बसता बसताच संयुक्ताने विचारलं, "अप्पा, उगे म्हणजे काय?"

"उगे म्हणजे उगे."

"तसं नाही. अर्थ सांगा."

"बोलणें नाही. गप्प. माझे आजोबा म्हणत, जेवताना उगे असावें."

"काय सांगताय!" अम्मा वाढता वाढता थांबली. तिचं नाव विशालाक्षी, आणि भाषेच्या बाबतीत ती नवऱ्याला एक तसूही सोडत नसे. "उगे म्हणजे हालणें नाही. वेणी घालताना मी हिला काय म्हणत होत्यें? तेव्हां ही तोंडानें बडबडतच असे. मी तिला बोलायला नाही म्हटलें का कधीं?"

"तूं म्हणत होतीस, पण ती गप्प बसत नव्हती, हा भाग वेगळा."

"अय्यो! दोन्हीं अर्थ आहेत की मग."

"दोन अर्थ कसे असतील? एक शब्द, एक अर्थ."

वाद चांगलाच रंगला. अप्पांनी तंजावरच्या कुठल्याशा आत्याला फोन लावला. आत्याने दोन्ही बाजू ऐकून तिसराच अर्थ सांगितला. उगे म्हणजे विनाकारण. उगे कशाला भांडता, असं म्हणून तिने फोन ठेवला. एरवी संयुक्ता पोट धरून हसली असती. त्या रात्री तिने हात धुतले आणि ती गॅलरीत जाऊन उभी राहिली. अम्मा मागून आली, तिच्या पाठीवर हात ठेवला.

मंगळवारी ती हणमंतला भेटायला हॉस्पिटलात गेली. पाय वर टांगलेला, दाढी वाढलेली. ती खुर्चीवर बसताच तोच म्हणाला, "म्याडम, लेकराचा काय बी दोष न्हाई. ती वरडली होती. म्या ऐकलं न्हाई. कानात माझ्या दडे बसल्यात."

"ती म्हणते, ती ओरडली नाही."

"तिला काय ठावं? घाबरली होती. घाबरल्यालं मानूस वरडतंय आन् इसरतंय." तो खोकला. "तुमी ल्ह्या, वरडली म्हनून. म्या सही करतो."

तो खोटं बोलत होता की काय? तसं वाटत होतं. पण पूर्ण खोटं वाटत नव्हतं. आपल्या भावजयीची नोकरी वाचवायची म्हणून म्हणत असेल. किंवा खरंच त्याला काहीतरी ऐकू आलं असेल, पत्र्यावरचे संताजीचे हात, किंवा स्वतःचीच किंकाळी. ड्रायव्हरला विचारलं तर तो तिसरंच म्हणाला. ती बाई मराठीत काहीही ओरडली असती तरी मी थांबलो असतो, बाईचा आवाज कुठल्याही भाषेत कळतो. मग थोडं थांबून म्हणाला, पण काच बंद होती, एसी चालू होता.

जितकं विचारावं तितकी गाठीवर गाठ पडत होती. एकच शब्द चुकला असता तर बरं झालं असतं. निदान तो सापडला असता. पण एका मुलीच्या घशाशी आवाज अडला, तो शब्दामुळे, की भीतीमुळे, की डोक्यावरच्या पदरामुळे, हे तिला शोधून काढता येईना. आणि कदाचित त्या मुलीलाही येत नसेल.

बुधवारी सकाळी ती रंजनी मॅडमच्या केबिनमध्ये गेली आणि जबाब पुढे ठेवला. रात्री चारदा लिहून चारदा खोडलेला तो कागद अखेर सहा ओळींचा झाला होता. त्यात तिने लिहिलं होतं की ट्रेनिंग मीच दिलं, मी वापरलेल्या एका शब्दाचा माझ्या घरात एक अर्थ होतो आणि मजुरांच्या गावी दुसरा, आणि ओरडा हे मी त्यांना समजेल अशा शब्दात सांगितलं की नाही याची मला खात्री देता येत नाही. त्यामुळे झेंडीवालीला निष्काळजी ठरवता येणार नाही.

मॅडमनी तो दोनदा वाचला. "हे तू स्वतःच्या विरुद्ध लिहितेयस, कळतंय तुला?"

"हो, मॅडम."

"शब्दामुळेच झालं, अशी खात्री आहे?"

"नाही."

"मग?"

"शब्दामुळे झालं नाही, अशीही नाही."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग फॉर्मवर खाली खाली गेल्या. कारणांच्या यादीत निष्काळजीपणा होता, यंत्रातला बिघाड होता, अपुरा प्रकाश होता. भाषा नव्हती. अगदी शेवटी 'इतर' होतं. त्यांनी तिथे खूण केली.

"वरून मला विचारतील," त्या म्हणाल्या. "मी काय सांगणार ते मलाच माहीत नाही. जा आता."

पंचफुलाला परत पाठवलं नाही. संयुक्ताला लेखी समज मिळाली आणि तिच्याकडून टोळ्यांचं ट्रेनिंग काढून घेतलं. आता पुण्याहून मागवलेल्या एका ध्वनिफितीवर सुस्पष्ट, सुरेल आवाजाची एक बाई मजुरांना सूचना देते. त्या शुद्ध मराठीतले निम्मे शब्द आपल्याला कळत नाहीत असं टोळीतल्या एकाने सांगितलं, तेव्हा संयुक्ता गप्पच बसली. तिचं मत कोणी विचारलेलं नव्हतं, आणि विचारलं तरी काय सांगावं हे तिला ठरवता आलं नसतं.

महिनाभराने हणमंतला गावाकडे पाठवायचं ठरलं. कुबड्यांवर तो दोन पावलं टाकू लागला होता. दुपारच्या गाडीने तो आणि त्याला पोचवायला पंचफुलाचा नवरा असे दोघे निघाले. सेंट्रल स्टेशनवर निरोपाला संयुक्ताही आली. गाडी सुटण्याआधी हणमंत खिडकीतून भावजयीला म्हणाला, "नीट ऱ्हा गं." पंचफुलाने पदर पुढे ओढून खाली मान घातली आणि हुंकार दिला. तेवढाच त्यांचा निरोप.

गाडी गेल्यावर दोघी बाहेरच्या चहाच्या टपरीवर उभ्या राहिल्या. पंचफुला आता खराट्यावर होती. झेंडी संताजीने दुसऱ्या माणसाला दिली होती.

"पंचफुला," संयुक्ता म्हणाली, "मी तो शब्द म्हटलाच नसता, तर तू ओरडली असतीस का? खरं सांग. मी कुठे लिहिणार नाही."

पंचफुलाने पेला दोन्ही हातांत धरला.

"रोज झोपंत वरडते म्या," ती म्हणाली. "आमचे मालक उठवून बसवायचे. झोपंत येतंय वरडाया. तवा कामून आलं न्हाई, म्याडम, माझं मलाच ठावं न्हाई. म्या त्यास्नी बघत होते. चाक बी बघत होते. समदं दिसत होतं."

ती थांबली. मग एकदम तोंड वर करून म्हणाली, "म्याडम, मला झेंडी परत द्या म्हनून सांगता का संताजीमामाला? माझ्या हातात ती आवडत व्हती मला."

संयुक्ताने आपला पेला टपरीच्या फळीवर ठेवला. या मुलीला पुन्हा झेंडीवर उभं करावं, की कधीच करू नये? हो म्हणणं न्यायाचं, की नाही म्हणणं शहाणपणाचं? तिला ठरवता येईना.

"मी विचारते," ती म्हणाली. "काय म्हणतील ते माहीत नाही."

"इचारा तर," पंचफुला म्हणाली आणि तिने चहा संपवला.

शहर बसला गर्दी होती, म्हणून त्या दोघी चालतच निघाल्या. पंचफुलाला रस्ता माहीत नव्हता, ती संयुक्ताच्या मागोमाग चालत होती. सिग्नलपाशी आल्यावर संयुक्ताने तिचा हात धरला. गाड्या चारी बाजूंनी येत होत्या.